आधी डावं चाक

संशयी नवरे बायकोचा फोन तपासतात. आमचे भाऊजी धावपट्टी तपासत.

रोज संध्याकाळी विमानं आत गेली, शेडचं शटर खाली आलं, की ते हात मागे बांधून धावपट्टीच्या सुरुवातीच्या तुकड्यावर फेऱ्या मारू लागत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस जेवणाआधी पाय मोकळे करतोय. पण मधेच थांबायचे, उकिडवे बसायचे, सिमेंटवरच्या एखाद्या काळ्या रेघेवर बोट घासायचे आणि ते बोट नाकाशी न्यायचे.

"काय निघालं?" मी रेडिओच्या खोलीच्या खिडकीतून ओरडायचो.

"पाय मोकळे करतोय रे."

"नाकाने?"

"तू तुझा वारा सांग. फार बोलतोस."

वारा सांगणं हेच माझं काम. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्या छोट्या विमानक्लबातले जुने शिक्षक. त्यांच्याच शब्दावर मला ती खोली, तो रेडिओ आणि खिडकीतून दिसणारा वाऱ्याचा मोजा मिळाला होता. हा मोजा म्हणजे खांबाला लावलेली कापडी बाही. ती जिकडे फुगेल तिकडे वारा चाललेला. आमचा मोजा जवळजवळ कायम धावपट्टीला आडवा फुगलेला असायचा. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला टेकडी, म्हणून उतरायचं ते एकाच बाजूने. आणि डाव्या हाताला मोकळं माळरान, म्हणून वारा यायचा तोही एकाच बाजूने, बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा, ऐन वेळेला. ज्याने कुणी ती पट्टी तिथे आखली त्याचं वाऱ्याशी काहीतरी जुनं भांडण असणार.

आडव्या वाऱ्यात हलकं विमान उतरवणं म्हणजे भरलेलं ताट घेऊन गर्दीतून चालणं. तुम्ही सरळ चालता, पण कुणीतरी सारखं एका खांद्याला रेटतंय. याला दोन उपाय. पहिला भाऊजींचा. विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखं तिरकं यायचं आणि जमीन हातभर उरली की पायाखालचं पेडल मारून नाक झटकन सरळ करायचं. दोन्ही चाकं एकदम टेकतात. क्षणभर आधी मारलं तर वारा बाजूला ढकलतो, क्षणभर उशिरा मारलं तर चाकं आडवी घासतात. भाऊजी अचूक मारायचे. बघताना छातीत धस्स व्हायचं आणि मग टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या. त्यांनाही ते ठाऊक होतं.

दुसरा उपाय क्लबात नुकत्याच आलेल्या नव्या शिक्षकांचा; आमच्याकडे शिक्षक हे दोघंच. वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित पाडायचा, दुसऱ्या पायाने नाक सरळ धरून ठेवायचं, आणि तसंच कलतं, शांतपणे खाली यायचं. डावं चाक आधी टेकतं, मग उजवं, मग शेपटीखालचं छोटं. धस्स नाही, टाळ्या नाहीत.

"हे काय उतरणं झालं?" भाऊजी म्हणायचे. "विमान लंगडी घालतंय."

नवे शिक्षक कमी बोलायचे. म्हणून भाऊजींनी त्यांचं नाव मौनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की क्लबचा सेक्रेटरीसुद्धा एकदा त्यांच्या तोंडावर तसं बोलून गेला. मौनी नुसते हसले. हेही भाऊजींना आवडलं नाही. टोपणनाव ठेवलेल्या माणसाने थोडं तरी चिडावं, एवढी त्यांची माफक अपेक्षा होती.

इथवर सगळं ठीक चाललं असतं. पण ताईने विमान शिकायचं ठरवलं.

ताई शिवणकाम करते. आमची विमानं जुन्या पद्धतीची, पंखांवर कापड ताणून रंगवलेलं. ते कापड उसवलं, फाटलं, की ताई. वाऱ्याचा मोजा दर हंगामात चिंध्या होतो, नवा शिवते ताई. क्लबने एकदा विचारलं, वहिनी, या सगळ्याबद्दल तुम्हाला काय देऊ? ती म्हणाली, "शिकवा."

भाऊजींना आधी आनंदच झाला. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरात दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, पेडल म्हणून जमिनीवर दोन चपला ठेवल्या, ताईच्या हातात डाव दिला आणि म्हणाले, "हा दांडा. आता आपण उतरतोय. वारा डावीकडून. अगं, डाव वर नको धरूस, आमटी वाढायची नाहीये."

"मग दुसरं काहीतरी द्या."

"दे इकडे, मी दाखवतो."

त्यांनी डाव घेतला तो जेवणं होईपर्यंत परत दिला नाही. खऱ्या विमानातही तेच झालं. विमानात दोघांपुढेही दांडा असतो. एक हलला की दुसरा हलतो. पहिल्या दिवशी ती दोघं खाली उतरली तेव्हा ताईचा चेहरा बघून मिस्त्री, म्हणजे आमचा विमानदुरुस्तीवाला, गुपचूप शेडमध्ये गेला.

"तुम्ही दांडा सोडतच नाही," ताई म्हणाली.

"सोडला असता तर मातीत गेलो असतो."

"मग मी वर काय करत होते?"

"बघत होतीस. बघूनच शिकतात."

"बघतेच आहे की लग्न झाल्यापासून," असं म्हणून ती थेट मौनींच्या टेबलापाशी गेली. "सर, तुम्ही शिकवाल?"

वाऱ्यापेक्षा तो एक शब्द भाऊजींना जास्त लागला. घरी ताट पुढ्यात आलं तरी ते त्याच शब्दावर होते.

"सर?"

"शिक्षकाला सर म्हणतात."

"मी कोण आहे? मला आयुष्यात कधी सर म्हणालीस?"

"अहो, नवऱ्याला सर कोण म्हणतं?"

"म्हणू नकोस. पण वाटायला तर पाहिजे."

त्यानंतर तपासण्या सुरू झाल्या. आमच्याकडे माळावरची बारीक धूळ रोज पट्टीवर बसते आणि रात्रीच्या वाऱ्याने पुन्हा सारखी होते, त्यामुळे दिवसभरातलं प्रत्येक उतरणं तिच्यावर उमटतं. जुन्या माणसांना ते वाचता येतं. खेकडाचाल असेल तर दोन रेघा जोडीने सुरू होतात आणि सुरुवातीला जरा फरफटलेल्या असतात. मौनींच्या पद्धतीत डावी रेघ आधी सुरू होते आणि बऱ्याच पुढे उजवी तिला येऊन मिळते. भाऊजी ताईच्या उतरण्याच्या खुणा शोधायचे. सुरुवातीला त्या वेड्यावाकड्या होत्या, तेव्हा घरी गाणी गुणगुणली जायची. मग त्या हळूहळू सरळ होत गेल्या. आधी डावं चाक, मग उजवं.

"बघितलंस?" एकदा मला हाताला धरून नेऊन त्यांनी दाखवलं. "त्याचा हात आहे हा. स्वच्छ त्याचा."

"पण विमानात ताई एकटी होती."

"तेच तर म्हणतोय! तो नसताना सुद्धा त्याचाच हात."

मी त्यांना म्हटलं, मौनी शिकवताना हाताची घडी घालून बसतात, दांड्याला बोटसुद्धा लावत नाहीत. बोलल्यावर कळलं की हे बोलायला नको होतं.

"घडी घालून? आणि बघतो कुणीकडे?"

"समोर, बहुतेक."

"बहुतेक!" ते म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग तो दिवस आला. ताई एकटी वर होती आणि माळावरून अचानक वारा सुटला. मोजा ताठ आडवा. मी वारा सांगितला. ताई खाली आली, पंख डगमगले, आणि तिने इंजिनाला जोर देऊन विमान सरळ पुन्हा वर नेलं.

"पळाली," खिडकीशी उभे असलेले भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती की समाधान, मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही येत नाही. एक हात मात्र माझ्या खुर्चीच्या पाठीवर इतका दाबला होता की खुर्ची कुरकुरत होती.

दुसऱ्या फेरीला ती आली ती कापडात सुई जावी तशी. डावं चाक, मग उजवं, मग शेपूट. शेडपाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. लंगडीला टाळ्या पहिल्यांदाच पडल्या. मिस्त्रीने येऊन भाऊजींना म्हटलं, "साहेब, वहिनींनी तुम्हाला मागे टाकलं हो!" कौतुक म्हणून म्हणाला बिचारा. आणि मौनींनी, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, न विचारता तोंड उघडलं, "फार छान."

भाऊजी हसले. ते हसू पाहून मला वाटलं, आता काहीतरी होणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते. मौनींची सुट्टी होती. वारा आदल्या दिवसासारखाच, थोडा जास्तच. भाऊजींनी तेच विमान बाहेर काढलं.

"कुठे?" मी रेडिओवर विचारलं.

"इंजिन बघून येतो."

"काल तर ठीक होतं."

"म्हणून तर बघतो."

एक फेरी मारून ते उतरायला आले आणि मी खिडकीत उभाच राहिलो. विमान खेकड्यासारखं येत नव्हतं. नाक सरळ होतं आणि डावा पंख पाडलेला होता. भाऊजी लंगडी घालत होते! तेही चोरून, कुणी बघत नसताना. शेजाऱ्याचं वर्तमानपत्र त्याच्या आधी उघडून वाचावं, तसं.

पंख नको तितका पडला होता. वाऱ्याचे झोके येत होते. मी म्हटलं, "भाऊजी, परत वर जा." ते खाली येतच राहिले. परत वर जाणं म्हणजे पळणं, हे ते आदल्या दिवशीच बोलून बसले होते.

डावं चाक टेकलं. छान टेकलं, खोटं कशाला बोलू! त्याच क्षणी त्यांच्या पायाने, जन्मभर जे केलं तेच केलं. जमीन आली, मार पेडल. पण नाक आधीच सरळ होतं. सरळ नाकाला झटका बसल्यावर ते उजवीकडे गेलं, घाबरून त्यांनी डावीकडे ओढलं, तेवढ्यात वाऱ्याने शेपूट पकडलं आणि विमानाने स्वतःभोवती एक गरकन गिरकी घेतली. उजव्या चाकाचा पाय मोडला, उजवा पंख जमिनीवर घासत गेला, आणि धुळीचा एक मोठा ढग उठून वाऱ्याबरोबर निघून गेला.

मी धावत पोचलो तेव्हा ते तिरक्या विमानात तिरके बसले होते. हनुवटी थोडी खरचटलेली, बाकी धड.

"लागलं का?"

"झोका किती मोठा होता, सांगितलंस का कुणाला?" ते म्हणाले. "आत्ताच सांगून ठेव."

कमिटी बसली. भाऊजींनी झोका सांगितला. सेक्रेटरीने मौनींकडे पाहिलं. मौनी सकाळीच पट्टीवर जाऊन आले होते, हे मी पाहिलं होतं. वाचता येणाऱ्या माणसाला तिथे सगळं लिहिलेलं होतं. लांब एकटी डावी रेघ, मग तिच्यात मधेच एक हिसका, आणि मग विळ्यासारखी वळलेली खूण. मौनी एवढंच म्हणाले, "तिथला वारा फसवा आहे."

झालं. एवढ्यावर भागलं. फक्त नियम होता, अपघातानंतर शिक्षकाने आडव्या वाऱ्यात उतरून दाखवायचं, दुसऱ्या शिक्षकाला शेजारी बसवून. तोपर्यंत शिकवणं बंद. आणि आमच्याकडे दुसरा शिक्षक एकच.

"वाचवलं मला, बघितलंस?" परत येताना भाऊजी म्हणाले. "मुद्दाम. भांडला असता तर मी त्याला क्षमा केली असती. मी नाही बसणार त्याच्या शेजारी. शिकवणं सोडून देईन. भाजी विकेन."

"भाजी घेताना तुम्ही वांगं आणि दुधी यात गडबड करता."

"तू गप."

ते खरंच घरी बसले. क्लबच्या लोकांना प्रश्न पडला, शिष्यांना पडला. पायात चप्पल न घालता दिवसभर घरात फिरणारा तो माणूस बघून मलाही करमेना. माझ्या समजुतीप्रमाणे ते विमानाशिवाय दुसरं काहीच नव्हते, आणि ते ठरवून काहीच नसल्यासारखे राहत होते.

एका संध्याकाळी ताई माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "चल, मला ती जागा दाखव." पट्टीवरच्या खुणा बघायला ती याआधी कधीच आली नव्हती. डाव्या चाकाचं काळं रबर सिमेंटला चिकटलं होतं आणि पुढे मोडक्या चाकाने ते खरवडलं होतं, त्यामुळे ती खूण धुळीने बुजली नव्हती. ताई डाव्या रेघेच्या सुरुवातीपासून चालत चालत हिसक्यापर्यंत आली, तिथे थांबली, परत मागे गेली, पुन्हा आली. मग पदराने तोंड दाबून हसली.

"वेडा आहे गं बाई हा माणूस," ती म्हणाली. मौनींबद्दल बोलताना ती आदराने बोलायची, पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. भाऊजींनी तेवढं एक वाक्य ऐकलं असतं तर पुढच्या पुष्कळशा कटकटी वाचल्या असत्या.

घरी ती मशीनवर बसली. मोडलेल्या पंखाचंच कापड शिवत होती. भाऊजी समोर बसून, तिचे पाय पेडलवर हलताना बघत होते.

"अहो, पाय का मारलात?"

"कुणी मारला?"

"तुम्ही. अगदी शेवटी. मी बघून आले."

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायला उठलो आणि दारातच थांबलो.

"सवय," ते म्हणाले.

"आणि पंख कशाला पाडलात? ती तर लंगडी."

भाऊजी दोऱ्याचं रीळ हातात घेऊन फिरवत बसले. मग रिळाला सांगितल्यासारखं म्हणाले, "तुझ्यासारखी रेघ काढायची होती."

मशीन थांबलं.

"उठा," ताई म्हणाली. "खुर्च्या आणा."

पुन्हा दोन खुर्च्या, दोन चपला, आणि डाव. या वेळी डाव भाऊजींच्या हातात आणि ताई शेजारी, हाताची घडी घालून.

"घडी का घातलीस? हे त्याचं."

"माझं आहे. हात मोकळे ठेवले तर तुमच्या हातातून डाव काढून घ्यावासा वाटतो."

हे पटण्यासारखं होतं. भाऊजींनी डाव डावीकडे कलवला.

"इतका नाही. थोडासा. आता उजवी चप्पल दाबा आणि दाबूनच ठेवा. मारायची नाही. मशीनला लाथ मारली तर दोरा तुटतो."

"हे त्याचं की तुझं?"

"माझं. त्यांनी कधी मशीन चालवलंय?"

"आणि पंख आधी जरा वरूनच पाडायचा, हे?"

"माझं."

हे सपशेल खोटं होतं. ते मौनींचं होतं, मी स्वतः त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. पण ताईने ते अशा सहजतेने सांगितलं की मीही क्षणभर मानलं. संध्याकाळमागून संध्याकाळ तेच चाललं. जेवण उशिरा, कारण डाव रिकामा नसायचा. भाऊजींचा पाय मारायला उठायचा आणि ताई नुसतं म्हणायची, "दोरा." पाय खाली बसायचा.

विमान दुरुस्त झालं. ज्या दिवशी मोजा ताठ आडवा फुगला, त्या दिवशी भाऊजी आपण होऊन शेडमध्ये गेले. मौनी शेजारी बसले, हाताची घडी घालून. मी वारा सांगितला. माझा आवाज चिरकला, त्याला वारा जबाबदार नव्हता.

ते आले. डावा पंख जरासा खाली, नाक सरळ. एक झोका आला, विमान डगमगलं, आणि आमच्या भाऊजींनी, परत वर जाण्याला पळणं म्हणणाऱ्या माणसाने, इंजिनाला जोर देऊन विमान वर नेलं. खाली मिस्त्रीने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. दुसऱ्या फेरीला डावं चाक टेकलं. मी त्यांचा पाय दिसतोय की काय अशा नजरेने बघत राहिलो. काही हिसका नाही. मग उजवं. मग शेपूट.

दोघं उतरून खुणांपाशी गेले, आणि पाठोपाठ मीही. लांब डावी रेघ, पुढे तिला मिळालेली उजवी. भाऊजींना राहवेना.

"काय वाटतं तुम्हाला?"

मौनींनी नेहमीप्रमाणे विचार केला. "अगदी वहिनींसारखं उतरलात, सर."

भाऊजींनी त्यांचा हात हातात घेऊन असा हलवला की मौनींची टोपी पडायची वेळ आली. स्कूटरवर मला मागे बसवून ते गुणगुणत निघाले. बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत गाणं टिकलं. मग स्कूटर हळू झाली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"काय झालं?"

"विचार करतोय."

"कशाचा?"

"त्याला तिची रेघ एवढी बारकाईने कशी ठाऊक?"

"अहो, त्यांनीच शिकवलंय तिला!"

"शिकवलंय, कबूल. पण उतरलो मी, आणि आठवली त्याला ती. हे कसं?"

भाऊजी थोडा वेळ समोरच्या दिव्याच्या खांबाकडे रागाने बघत राहिले. मग त्यांनी किक मारली.

"उद्यापासून तिच्या शेजारी मी बसणार. पुढचं सगळं मीच शिकवणार."

"ती बसू देईल?"

"हाताची घडी घालून बसणार."

"जमेल तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? त्याला जमतं!" ते म्हणाले, आणि घरापर्यंत दोन्ही हातांनी हँडल इतकं आवळून धरून गेले की मला मागे बसून हसू आवरेना.